पहिला कान

“मेला हा साबण! आणायचा स्वस्तातला आणि वर वास गुलाबाचा. अंगाची नुसती आग आग होतेय.”

वहिनी हे भिंतीशी बोलत होत्या. निदान तसा त्यांचा समज होता. मी त्यांच्या पाठीमागे, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, हळदीच्या पुड्यांना चिकटपट्टी लावत बसले होते. साबण मी आणलेला होता. त्यामुळे बोलणं नेमकं कुठल्या भिंतीशी चाललंय ते मला नीट कळत होतं. तोंडावर बोलायचं नाही आणि न ऐकवता राहायचंही नाही, ही आमच्या थोरल्या जाऊबाईंची जुनी पद्धत.

एरवी मीही पुड्यांना ऐकवलं असतं की ज्यांना चंदनाचा साबण हवा त्यांनी बाजारात स्वतः जावं. पण माझं लक्ष त्यांच्या हातातल्या कंगव्याकडे गेलं. कंगव्याचे दात त्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत ओढत होत्या.

खाजेखाजेत फरक असतो. डास चावला, घामोळं आलं, तर खाजेला एक जागा असते. या खाजेला जागा नसते. कंगवा एका गल्लीत गेला की ती पलीकडच्या गल्लीत जाऊन बसते. ही खाज मी पूर्वी एकदा पाहिली होती, आमच्याच खोलीत, माझ्या नवऱ्याच्या, गुरुनाथच्या पाठीवर.

“वहिनी, जरा उन्हात या.”

“कशाला?”

“या की.”

परसात नेऊन मी त्यांची हनुवटी वर केली. बासष्ट वर्षांच्या बाईची हनुवटी तिच्या धाकट्या जावेनं अशी धरायची नसते, पण मी धरली. डोळ्यांचा पांढरा भाग लिंबाच्या सालीसारखा दिसत होता.

“हळद गेली असेल डोळ्यांत,” त्या म्हणाल्या.

“हळद गेली की डोळा लाल होतो. पिवळा नाही.”

“मग काय आहे?”

“लघवीला कसं होतं?”

“लाज आहे का तुला, भर दुपारी विचारायला?” त्या हळकुंडं पॉलिश करायच्या ड्रमकडे बघत राहिल्या. मग हळू म्हणाल्या, “कोऱ्या चहासारखी होते. मला वाटलं पाणी कमी पडतंय.”

आम्ही आवटी. सांगलीत हळकुंडं शिजवण्यापासून पुडीत भरण्यापर्यंत सगळं आमच्या घरात होतं. आमच्याकडे माहेरून गोरी सून येते आणि पहिल्या हंगामात पिवळी होते. नखं पिवळी, टाचा पिवळ्या, उशांचे अभ्रे पिवळे. पिवळं दिसलं म्हणून आमच्या घरात आजवर कुणी दचकलेलं नाही.

दचकायला एक होता: आरसा. आता घरोघरी असतो तसलाच, बेसिनवर बसवलेला. आपण दात घासत असताना तो आपला चेहरा वाचतो. कातडीचा रंग, डोळ्यांतला पांढरेपणा, गालांखालून धावणाऱ्या रक्ताची लय. काही वावगं दिसलं की गोड आवाजात बजावतो. त्यानं कितीतरी जणांची दुखणी वेळेत पकडली म्हणे. आमच्या घरात त्यानं पहिल्या हंगामातच सगळ्यांचं डोकं उठवलं. “आपल्या त्वचेत पिवळेपणा आढळला आहे. कृपया डॉक्टरांना भेटा.” दादांना सांगितलं, गिरणीवरच्या माणसांना सांगितलं, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनाही एकेक करून सांगितलं. शेवटी वहिनींचा मुलगा अमोघ वैतागला आणि त्यानं आरशाला सांगून टाकलं की पिवळा रंग मोजायचा नाही. आरसा आज्ञाधारक निघाला. त्यानं कातडीचा पिवळा सोडला आणि त्याबरोबर डोळ्यांतलाही सोडला.

म्हणजे वहिनी रोज सकाळी त्याच्यासमोर उभ्या राहत होत्या, आणि तो त्यांना रोज ‘आपला दिवस आनंदाचा जावो’ म्हणत होता.

सांगलीतल्या दवाखान्यात वहिनींचं स्कॅन झालं. तरुण डॉक्टरांनी दादांना, अमोघला आणि मला बाहेर बोलावलं. दादा म्हणजे वहिनींचे यजमान, माझे थोरले दीर.

“यकृतातून पित्ताची मुख्य नळी बाहेर पडते ना, तिथंच ती आवळली गेलीय,” डॉक्टर म्हणाले. “पित्त पुढं जात नाही, म्हणून रक्तात उतरतंय. आतून काहीतरी वाढलं असावं असा संशय आहे.”

“म्हणजे... तसलं काही?” दादांनी विचारलं.

“तसलंच.”

डॉक्टरही सांगलीचेच.

त्या संशयाला धरून रक्तातला एक आकडाही चढलेला होता. तो नुसतं पित्त अडकल्यानंही चढतो, असं डॉक्टरांनी सांगितलं, पण ते ऐकण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. मोठं ऑपरेशन करावं लागेल. नळी काढायची, पित्ताशय काढायचं, निम्मं यकृत काढायचं. वहिनींच्या वयाला आणि रक्तदाबाला ते झेपेल का, याची खात्री नव्हती. न करावं तर वाढलेलं वाढत जाणार.

दादा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. वळले तेव्हा त्यांनी सगळं ठरवलेलं होतं.

“उज्ज्वलाला कावीळ म्हणून सांगायचं. साधी कावीळ. अमोघ, कळलं? रोहिणी, तू पण.”

‘तू पण.’ हे दोन शब्द मी याआधी ऐकले होते.

पाच वर्षांपूर्वी माझा नवरा असाच पिवळा झाला होता. तेव्हा डॉक्टरांना संशय नव्हता, खात्री होती. आणि घरात सगळ्यांत आधी सावरल्या त्या वहिनी. त्यांनी मला देवघरात नेलं, माझा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि म्हणाल्या, “भाऊजींना सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील. माणूस दुखण्यानं नाही, धसक्यानं जातो.” गळ्याची शपथ. मोडायची कशी? मी गुरुनाथला उसाचा रस पाजत राहिले. तो पुढच्या हंगामात नवा ड्रम घ्यायचं बोलत राहिला आणि मी ‘घेऊ की’ म्हणत राहिले. त्याला काय कळलं होतं आणि काय नव्हतं, ते मला आजही माहीत नाही. आमचं निरोपाचं बोलणं झालंच नाही, कारण निरोप घ्यायचाय हेच मुळी ठरलेलं नव्हतं. पेपरात ‘अल्पशा आजाराने’ असं छापून आलं.

त्या आजाराचं तीन अक्षरी नाव आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. मीही इथं लिहिताना टाळतेय. सवय अशी चटकन जात नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनींना हुडहुडी भरून ताप आला. दोन रजया घातल्या तरी दात वाजत होते. अडकलेल्या पित्तात पू धरला होता, आता थांबण्यात अर्थ नव्हता. आम्ही त्यांना मिरजेला हलवलं. मिरजेला जायचं कारण डॉ. नसीमा मुजावर, आणि त्यांच्याकडे असलेली मुंगी.

यंत्राचं खरं नाव लांबलचक आहे. पण मिरजेत सगळे त्याला मुंगीच म्हणतात.

डॉक्टर मुजावर आल्या, त्यांनी नाडी बघितली, डोळे बघितले आणि खुर्ची ओढून वहिनींच्या उशाशी बसल्या. दादा लगबगीनं पुढं झाले.

“डॉक्टर, जरा बाहेर बोलू या?”

“बाहेर माझं काही काम नाही. पेशंट इथं आहेत.” त्या वहिनींकडे वळल्या. “ताई, तुमचं घर हळदीचं ना? गोदाम आहे?”

“आहे की,” वहिनी म्हणाल्या. तापातही त्यांना गोदामाचा अभिमान होताच. “मधे पत्रा ठोकून दोन भाग केलेत.”

“छान. समजा, पत्र्याच्या अलीकडे जायची-यायची बोळ आहे. एके दिवशी बोळ एकदम अरुंद झाली. कारणं दोन असू शकतात. एक, बोळीतच काहीतरी उगवलंय. दुसरं, पलीकडे पोत्यांची थप्पी ढासळून पत्र्यावर रेललीय, म्हणून पत्रा फुगून इकडे आलाय. बोळीत काहीच नाही. पण दाराबाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसणार. बोळ बंद.”

“बरोबर.”

“तुमच्या पोटात तसंच आहे. पित्ताची मुख्य नळी ही बोळ. तिला खेटून पित्ताशयाची पिशवी असते, तिच्या मानेत कधीकधी खडा अडकतो आणि नळीला बाहेरून दाबतो. असं फार क्वचित होतं. स्कॅन म्हणजे दारातून बघणं. तेव्हा एक तर हा खडा आहे, नाहीतर आतून—”

दादांना इतका मोठा खोकला आला की शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. डॉक्टरांचा शब्द त्या खोकल्यात वाहून गेला.

“कळलं,” वहिनी म्हणाल्या. “पुढं सांगा.”

पुढचं असं होतं. मुंगी तांदळाच्या दाण्याएवढी. वहिनींना झोपवून, तोंडावाटे दुर्बिणीची नळी घालून तिला आतड्यात, पित्ताची नळी उघडते तिथपर्यंत न्यायचं. तिथून मुंगी एकटी वर चढते. बाहेरून चुंबकं तिला वाट दाखवतात. चढताना ती भिंतीवर उजेडाचे बारीक ठिपके टाकते. कुठल्याही पेशीवर उजेड पडला की पेशी तो जसाच्या तसा परत देत नाही, थोडा बदलून देते. निरोगी पेशी एका तऱ्हेनं, सुजलेली दुसऱ्या, बिघडलेली तिसऱ्या. मुंगी तो फरक वाचते, शंका आली तर तिथल्या चार पेशी खरवडून त्याही तपासते. पूर्वी ब्रश घालून नमुना घ्यायचे. त्यातून बऱ्याचदा धड काहीच कळायचं नाही, आणि मग सर्जन भीतीपोटी सगळंच कापून काढायचे. पोट उघडल्यावर कळायचं की होता तो नुसता खडा.

“आता एक नाव सांगा, ताई,” डॉक्टर म्हणाल्या. “एकच. मुंगीला जे दिसेल ते आधी त्या माणसाला कळेल. त्यानं माझ्या शेजारी बसून बघायचं, आणि तुम्ही शुद्धीवर आलात की तुम्हाला जसंच्या तसं सांगायचं. तोवर दुसऱ्या कुणालाही नाही. आम्ही त्याला पहिला कान म्हणतो.”

“तुम्हीच का नाही सांगत?” अमोघनं विचारलं.

“मी नंतर सांगतेच. पण गुंगीतून उठताना परक्या तोंडचं माणसाच्या डोक्यात शिरत नाही, असं आम्हाला दिसून आलंय. आणि घरच्या सगळ्यांवर सोपवलं, तर...” त्यांनी दादांकडे पाहिलं. “तर सगळ्यांना खोकला येतो.”

दादा खाटेजवळ सरकले. अमोघही सरकला. मी दाराशी होते, हातात वहिनींचे कपडे आणि तांब्या घेऊन.

“रोहिणी,” वहिनी म्हणाल्या.

मला वाटलं पाणी हवंय. मी तांब्या पुढं केला.

“पाणी नको. नाव सांगतेय मी. रोहिणी आवटी.”

“अगं, नवरा मी आहे!” दादा म्हणाले.

“म्हणूनच.”

“आई, काकू रडतील,” अमोघ म्हणाला. “त्यांना नाही जमायचं हे.”

“रडू दे. रडत सांगेल.”

दादा बाहेर गेले. पाठीवरूनही माणूस दुखावलेला दिसतो. अमोघ त्यांच्या मागोमाग गेला, आणि जाताना त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच लाच देऊन नाव लावून घेतलं होतं.

खाटेपाशी आम्ही दोघीच उरलो. मी सलाइनच्या नळीतला एक बुडबुडा बघत उभी राहिले.

“मी का, वहिनी?”

“ते दोघं मला कावीळ सांगतील.” त्यांनी डोळे मिटले होते. “कसं सांगतील, कुठं थांबतील, कुठं हसतील, सगळं माहीत आहे मला. मीच शिकवलंय त्यांना.”

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

“आणि तुझं तोंड काचेचं आहे. तू खोटं बोललीस की अख्ख्या गल्लीला कळतं.”

“मग गुरुनाथला—”

“ओढणी नीट घे,” वहिनी म्हणाल्या. “लोंबतेय खाली.”

मी ओढणी नीट घेतली. तेवढ्यात त्यांना न्यायला माणसं आली.

डॉक्टर मुजावरांच्या शेजारी मला एक स्टूल मिळालं. समोर मोठा पडदा. पहिल्यांदा आतडं दिसलं, गुलाबी, वळ्यावळ्यांचं. मग एक बारीकसा उंचवटा, मधोमध टिंबाएवढं छिद्र. मुंगी तिथं घुटमळली आणि आत शिरली.

आपल्या जावेच्या आत असं चालत जाणं विचित्र वाटतं. या बाईनं मला वीस वर्षांत तिचं कपाट उघडू दिलेलं नाही.

नळीची भिंत लालभडक, सुजलेली होती, पण गुळगुळीत. ठिकठिकाणी पांढरट पुवाचे पुंजके. मुंगी ठिपका टाकायची, पडद्याच्या कोपऱ्यात एक रंग उमटायचा. पिवळा. म्हणजे सूज. पुन्हा पिवळा. पुन्हा पिवळा.

“लाल आला तर?” मी विचारलं.

“तर लाल आला असं म्हणायचं,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांची नजर पडद्यावरून हलली नाही.

मग ती जागा आली. पुढं वाटच नव्हती. एका बाजूनं भिंत आत आलेली, दोन्ही ओठ मिटल्यासारखे. माझी बोटं ओढणीत गुंतली. मुंगीनं ठिपका टाकला. पिवळा. जरा वर. पिवळा. तिनं चार पेशी खरवडल्या आणि आम्ही थांबलो. तेवढ्या वेळात मी गुरुनाथला मनातल्या मनात काय काय सांगितलं ते लिहीत नाही.

“थांबा,” डॉक्टर एकदम म्हणाल्या. “हे काय आहे?”

फुगलेल्या भिंतीत एक भोक होतं. कडा झिजलेल्या. आणि त्या भोकातून एक काळपट, ओला, चकाकता कोपरा बाहेर डोकावत होता. भेलीतून निसटलेल्या गुळाच्या खड्यासारखा.

“दगड,” डॉक्टर म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या. “दगड आहे, रोहिणीताई! नुसता दाबत बसला नाही, घासून घासून त्यानं भिंतीला भोक पाडलंय. पित्ताशयातून थेट नळीत उघडणारी खिडकी. हे तर आणखी दुर्मीळ.”

“आणि ते... दुसरं?”

पेशींचा अहवाल आला होता. त्यांनी तो वाचला, वरपासून पुन्हा वाचला.

“नाही.”

“कुठंच नाही?”

“मुंगी जिथं जिथं फिरली तिथं कुठंच नाही. खडा काढल्यावर त्याच्यामागची जागा मी पुन्हा बघणार आहे. पण माझी खात्री झालीय. याला मिरिझ्झी सिंड्रोम म्हणतात. जसंच्या तसं सांगायचंय तुम्हाला, पाठ करून घ्या.”

मी शाळेतल्या पोरीसारखं पाठ केलं. मधल्या वेळात त्यांनी खड्याच्या बाजूनं एक बारीक नळी सरकवली, आणि तुंबलेलं पित्त, घट्ट, मातकट, भळभळ वाहायला लागलं. इतकं घाण काही बघून मला इतका आनंद पूर्वी कधी झाला नव्हता.

आता अडचण माझ्या तोंडाची होती. बाहेर दादा आणि अमोघ बसलेले, आणि वहिनी उठायला अजून अवकाश. मी बाहेर पाऊल टाकलं आणि मला रडूच फुटलं. कितीतरी वर्षांचं साठलेलं असावं, कारण थांबता थांबेना.

दादांनी ते बघितलं आणि उभे होते तिथून बाकावर बसले. हळूहळू नाही, पोतं टाकल्यासारखे.

“बाबा नको, काकू नको, कुणीच नको म्हणायला पाहिजे होतं मी,” अमोघ पुटपुटला. “यंत्रानंच सांगायला पाहिजे होतं.”

“रोहिणी,” दादा म्हणाले, “बोलू नकोस. नियम आहे, मान्य. नुसती मान हलव. हो का नाही, एवढंच.”

मी मान हलवली नाही. वाटलं नाही असं नाही. समोर थोरला दीर, केस पांढरे, आणि त्याला हवं असलेलं उत्तर माझ्या तोंडात. पण ते उत्तर वहिनींचं होतं. त्यांच्याआधी ते दुसऱ्या कुणी चाखायचं नाही, एवढं मला त्या क्षणी पक्कं कळत होतं.

“दादा, चहा घ्या,” मी म्हटलं. “साखर घालून घ्या.”

“मला साखर?” दादांचा मधुमेह मीच सांभाळते. माझ्या हातून त्यांना साखरेचा दाणा मिळत नाही. ते माझ्याकडे टक लावून बघत राहिले. बहुधा त्यांना ठरवता येत नव्हतं की ही साखर कुठल्या बातमीची आहे.

“काकू,” अमोघ खाली बघत म्हणाला, “आरशाला पिवळं मोजू नको असं मीच सांगितलं होतं.”

“माहीत आहे.”

“आईला माहीत आहे?”

“त्यांनीच तर तुला सांगितलं होतं की त्या मेल्याचं तोंड बंद कर. जा, चहा आण.”

वहिनींनी डोळे उघडले तेव्हा मी त्यांचा हात धरून बसले होते. डॉक्टर पायाशी उभ्या होत्या. वहिनींनी आधी छताकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे.

“सांग.”

“यकृतातून निघणारी पित्ताची मुख्य नळी बाहेरून दाबली गेली आहे,” मी एका दमात सुरू केलं. “दाबणारा खडा पित्ताशयाच्या मानेत आहे. त्यानं नळीच्या भिंतीला भोक पाडलं आहे. आत पू झाला होता, तो काढून टाकला आहे. तपासलेल्या पेशींत कुठंही घातक बदल नाही. खडा फोडावा लागेल, मग पित्ताशय काढावं लागेल. यकृत काढावं लागणार नाही.”

त्या माझं तोंड वाचत होत्या. भुवया, नाक, हनुवटी. अख्खा आरसा झाल्या होत्या.

“परत सांग.”

मी परत सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं. तिसऱ्या वेळी ‘भिंतीला भोक’ विसरले, तर डॉक्टरांनी मागून आठवण करून दिली.

“खडा?” वहिनी म्हणाल्या.

“खडा.”

“केवढा?”

“करवंदाएवढा.”

“बाई बाई!” त्यांना हसू आलं, हसताना दुखलं, दुखलं म्हणून त्या माझ्यावरच चिडल्या. “हसवू नकोस गं. करवंदाएवढ्यासाठी तुझ्या दादांनी दोन दिवस तोंडात घास नाही घेतला.”

“बोलावू त्यांना?”

“बोलाव.” मग माझा हात तसाच धरून ठेवून म्हणाल्या, “थांब जरा. दोन मिनिटं दोघीच बसू.”

आम्ही बसलो. वीस वर्षं एका घरात राहून असं नुसतं बसणं आम्हाला जमलं नव्हतं.

दादांना मग डॉक्टरांनी सगळं समजावलं. दादांनी दोन्ही हातांनी डोळे पुसले आणि पहिला प्रश्न विचारला, “मिरिझ्झी म्हणजे, मिरजेवरून नाव पडलं का?”

पुढचं काम सावकाश आणि जपून झालं. मुंगी पुन्हा आत गेली, या वेळी पाठीवर लेझरची तार घेऊन, आणि तिनं तो खडा फोडून त्याचे तुकडे आतड्यात लोटले, थोडे बरोबर बाहेर आणले. त्याच्यामागची भिंतही तपासली, तिथंही पिवळाच रंग आला. सूज उतरल्यावर डॉक्टर मुजावरांनी ऑपरेशन केलं. अशा वेळी पित्ताशय आणि नळी एकमेकांना इतकी चिकटलेली असतात की चुकून नळीच कापली जायची भीती असते. त्यांनी पित्ताशयाचा बराचसा भाग काढला आणि उरलेल्या भिंतीचं ठिगळ नळीच्या भोकाला लावलं. “जुन्या साडीची गोधडी,” वहिनी म्हणाल्या. त्यांना ते फार आवडलं. दर आलेल्याला सांगायच्या.

रंग उतरत गेला. खाज थांबली. घरी आल्यावर त्यांनी अमोघला आरशाचं तोंड पुन्हा उघडायला लावलं. “ओरडू दे मेल्याला. सगळ्यांनी डोळे दाखवल्याशिवाय चहा मिळणार नाही.” माझ्या साबणाबद्दल मात्र अजून माफी मागितलेली नाही.

मग बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. दादा प्रत्येकाला खड्याचे तुकडे दाखवायचे, काचेच्या बाटलीत ठेवलेले. दर वेळी मूळचा खडा थोडा मोठा व्हायचा. करवंदाचा आवळा झाला होता, लिंबाकडे वाटचाल चालू होती. खड्याबद्दल बोलायला कुणालाच संकोच नव्हता. खडा, पू, भोक, ठिगळ, सगळे शब्द बैठकीत मोकळे हिंडत होते.

एका रविवारी जतहून गौराक्का आल्या. दादांच्या आत्या, नव्वदीच्या पुढच्या. गुरुनाथला त्यांनी मांडीवर खेळवलेलं. दादांनी मुंगीची गोष्ट सांगितली, मुंगी कशी चढली, दगड कसा डोकावला. बैठकीत शेजारचे होते, वहिनींचा भाऊ-भावजय होते, अमोघ होता. गौराक्का बाटली डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिल्या.

“आमच्या गुरूलाबी कावीळच झाली हुती की,” त्या म्हणाल्या. “तवा ही मुंगी असती तर वाचलं असतं माझं लेकरू.”

 

“हो ना, आक्का,” दादा घाईघाईनं म्हणाले. “कावीळ वाईटच. तेव्हा एवढं काही निघालं नव्हतं.”

अमोघ फोनमध्ये बघायला लागला. मी उठले आणि कपबशा गोळा करायला लागले. पाच वर्षं हा विषय आला की मी कपबशा गोळा करते.

“रोहिणी, ठेव ते,” वहिनी म्हणाल्या. “बस इथं.”

मी हातातल्या बशांसकट बसले.

वहिनी लोडाला टेकल्या होत्या, पोटावर एक हात ठेवून. त्यांनी टेकणं सोडलं, सरळ झाल्या.

“भाऊजींना कावीळ नव्हती, आक्का. कॅन्सर होता.”

“उज्ज्वला, आता कशाला—” दादा म्हणाले. त्यांना खोकला आला. वहिनी तो संपेपर्यंत थांबल्या.

“त्यांनी मला सरळ विचारलं होतं. वहिनी, मला काय झालंय, म्हणून. मी कावीळ म्हणाले. आणि हिला माझ्या गळ्याची शपथ घातली, म्हणून ही गप्प बसली.” त्या गौराक्कांशी बोलत होत्या, पण बघत माझ्याकडे होत्या. “घरात सगळ्यांना माहीत होतं. एकट्या त्यांनाच सांगितलं नाही आपण.”